वाटीभर जागा

चंदीगडच्या आयटी पार्कात दुपारी एक वाजला की चौथ्या मजल्यावरच्या जेवणघरात डबे उघडायला लागतात. राजम्याचा वास सुटतो, कुणी कढी गरम करायला ठेवतं, कुणी मुळ्याचा पराठा अर्धा मोडून शेजाऱ्याच्या झाकणात टाकतं. खिडकीतून शिवालिकच्या टेकड्या दिसतात. या गर्दीत ताई कधी नसायची. मूळची बार्शीची, वय चाळिशीच्या आसपास, कामात चोख. ऑफिसातली मराठी मुलं ताई म्हणायची, म्हणून पंजाबी आणि हिमाचली मुलंही ताईच म्हणू लागली होती. एक वाजला की ती बैठकीच्या रिकाम्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची, पाण्यात कालवलेली व्हॅनिलाच्या वासाची प्रोटीन पावडर प्यायची आणि परत कामाला लागायची.

तिचं खाणं चार गोष्टींचं होतं. सकाळ-दुपार पावडर. चार वाजता उकडलेल्या दोन अंड्यांचा पांढरा भाग, बलक काढून टाकलेला. रात्री एक दिवस पनीर, एक दिवस तव्यावर भाजलेली कोरडी कोंबडी. वर मीठ, मिरी, लिंबू. वहीत तक्ता होता, त्यात प्रथिनांचे ग्रॅम लिहिले जायचे. आकडा ६० च्या खाली राहिला तर झोपण्यापूर्वी आणखी एक पेला पावडर.

हे तिच्यावर कुणी लादलं नव्हतं. तिच्या मते नाना तऱ्हेच्या खाण्यानंच तिची पूर्वीची अवस्था झाली होती. दर शुक्रवारी टीमबरोबर बुफे असायचा. ताटात आठ पदार्थ, एकाचा कंटाळा आला की दुसरा समोर. बार्शीहून आईचा चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू यायचे, लोहडीला रेवड्या आणि गजक, अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या रात्रपाळीत बाराला पिझ्झा. वजन ११० किलोंच्या पुढं गेलं, रक्तातली साखर वाढली, जिना चढताना गुडघे दुखू लागले. उपास आणि व्यायामानं उतरवलेलं वजन दर वेळी परत आलं. शेवटी तिनं स्लीव्ह शस्त्रक्रिया करून घ्यायचं ठरवलं. आईला फोनवर सांगितलं, तेव्हा आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "गडकरींनी मुंबईत करून घेतली होती, ती वजनाची शस्त्रक्रिया ना? कर मग. पण खाण्याचं नीट विचारून घे." नितीन गडकरींची शस्त्रक्रिया २०११ मधली. महाराष्ट्रात या उपचाराची तेव्हा चर्चा झाली होती.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, आणि तिच्यात सुरुवातीला वाटीभर अन्नही मावत नाही. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः कापून काढलेल्या त्या वरच्या भागात तयार होतं, त्यामुळे पहिले कित्येक महिने भूकही फारशी लागत नाही. वजन भराभर उतरतं. पण शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला घेतं. ते थांबवायचं तर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीच लागतात, आणि तीही त्या वाटीभर जागेतून. म्हणून जेवणात आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा. जेवताना पाणी नाही. नंतर अर्ध्या तासानं घोटघोट. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. ताईला हे पाठ होतं आणि ती ते काटेकोर पाळत होती. चौथ्या महिन्यात ती सुखना तलावाच्या काठानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठंही न बसता चालत गेली, आणि पलीकडच्या बाकावर बसून रडली. इतकी वर्षं त्या तलावाशेजारी नोकरी करून तिनं त्याचं दुसरं टोक पाहिलं नव्हतं.

सहाव्या महिन्यात सगळं बिनसलं. पावडरच्या डब्याचं झाकण उघडलं की मळमळायला लागलं. कोरडी कोंबडी छातीत अडकायची, तोंडाला लाळ सुटायची, हातातलं काम टाकून धावावं लागायचं. पनीरचा घास ती चघळत राहायची आणि शेवटी कागदात गुंडाळून टाकायची. तक्त्यातला आकडा ६० चा ४५ झाला, मग ३०. अशा एका दुपारी तिनं ऑफिसच्या कपाटातलं चहाचं बिस्किट उचललं. ते तोंडात विरघळलं, सरळ खाली उतरलं, कुठं अडकलं नाही, पोट भरल्याची जाणीवही झाली नाही. दुसऱ्या दिवशी तीन बिस्किटं. आठवड्याभरात पुडा. लहान जठराची ही बाजू शस्त्रक्रियेआधी फार थोड्यांच्या लक्षात येते: कोंबडीचे चार घास जिथं पोट गच्च करतात, तिथून बिस्किटं, वेफर्स आणि आइस्क्रीम बिनबोभाट सरकून जातात.

केसही गळत होते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते पुष्कळांचे गळतात आणि पुढं थांबतातही. पण प्रथिनं आणि लोह कमी पडलं की गळणं लांबतं. न्हाणीघरातली जाळी रोज भरायची. उतरणारं वजन थांबलं आणि दोन किलो वर सरकलं.

ताईनं यावर उपाय शोधला तो आणखी कडक होण्याचा. लिंबू आणि मिरीही बंद केली. चव आली की हाव येते आणि हाव आली की आपण जुन्या जागी जातो, असा तिचा हिशोब होता. तिच्या या हिशोबाबद्दल मला आदर आहे. तो तिनं स्वतःच्या शरीरावर भोगून मांडला होता आणि तो अर्धा खराही होता. राहिलेल्या अर्ध्यासाठी तिला दुसऱ्या कुणाची गरज होती.

पंचकुल्याच्या पुढं चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय आहे. मराठा लाइट इन्फंट्रीतले खटावकडचे एक सुभेदार शेवटच्या नेमणुकीवर तिथं आले. मुलीचं शिक्षण चालू होतं म्हणून निवृत्तीनंतर मणिमाजऱ्यात राहिले, आणि तिथंच वारले. त्यांच्या बायकोनं गावी परत न जाता डबे सुरू केले. आयटी पार्क तिथून हाकेच्या अंतरावर आहे. पार्कातली मराठी मुलं तिची गिऱ्हाइकं. साडेबाराला सुभेदारकाकू स्कूटी घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या, आणि पोरगं खाली येऊन डबा घेऊन जायचं.

एक दिवस ऑफिसातल्या लातूरच्या एका मुलाचा तापातून फोन आला. "ताई, माझा डबा फाटकावर आलेला असेल. काकू ताटकळतील. तुम्ही घ्याल का?" ताई खाली गेली. काकूंनी डबा पुढं केला आणि हात मागं घेतलाच नाही.

"तुम्ही त्या पावडरवाल्या ताई न्हवं? पोरं सांगत्यात. पण अशा पांढऱ्याफटक का दिसताय?"

"ऑपरेशन झालंय काकू. जास्त खाता येत नाही."

"जास्त कशाला? कमीच खा. पण खाताय का?"

ताईला खोटं बोलवेना. ती नाही म्हणाली.

वर येऊन तिनं डबा उघडला. मटकीची पातळ उसळ, ज्वारीची भाकरी, वरण. तिनं चमचाभर उसळ घेतली, दाण्यांचं पीठ होईपर्यंत चावली. काळा मसाला, गूळ नाही, आमसुलाचा आंबटपणा. घास खाली गेला आणि तिथंच राहिला. दुसरा गेला. सातव्या चमच्याला पोट भरलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच ती मळमळ न होता जेवली होती, आणि लगेच तिच्या मनात भीती उभी राहिली. हे आवडलं म्हणजे आता आपण थांबणार नाही.

रिकामा डबा द्यायला ती संध्याकाळी काकूंच्या घरी गेली आणि ही भीती तिनं सांगून टाकली. काकू भाजी निवडत होत्या.

"आमचं ह्ये एकदा बर्फात होते," काकू म्हणाल्या. "पार वरच्या ठाण्यावर. खायला सगळं डबाबंद, रोजचं तेच. तिथं हवेनंच भूक मरती. पहिले आठ दिवस पोरांनी खाल्लं, मग डबे तसंच पडायला लागले. साहेब ओरडायचा, खा म्हणून. हुकमानं घास उतरतो व्हय? पोरं वाळली. मग एक लांगरी, म्हंजे स्वयंपाकी, आला, रत्नागिरीकडचा. डाळ तीच, डबा तोच. त्यानं एक दिवस लसूण करपवून घातला. एक दिवस आमसूल. एक दिवस सुक्या मिरच्या आन लोणच्याचा खार. पोरं वाटी पुसून खायला लागली. ह्ये म्हणायचे, त्या वर्षी ठाणं लांगऱ्यानं राखलं."

"पण काकू, ती मुलं बारीक होत होती. मी तर चवीपायी जाड झाले. चव लागली की मला थांबता येत नाही."

"कशाची?"

"म्हणजे?"

"कशाची चव लागली की थांबता येत न्हाई? मटकीची?"

ताईला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री तिनं तक्त्याच्या मागच्या पानावर प्रामाणिकपणे लिहून काढलं, आयुष्यात कुठल्या कुठल्या पदार्थापाशी आपल्याला थांबता आलं नाही. चिवडा, लोण्यातला नान, जिलबी, वेफर्स, आइस्क्रीम, शेव, पिझ्झा. यादी लांब होती. तिच्यात उसळ नव्हती. अंडं नव्हतं, मासा नव्हता, वरण नव्हतं, साधं दही नव्हतं.

ती यादी घेऊन ती आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली. जायला उशीर केला होता, पण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आधी रक्ततपासणी करायला लावली आणि मग तिला एक जुना प्रयोग सांगितला. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेला हा प्रयोग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच सारणाची सँडविचं देऊन बघितली, आणि चार वेगवेगळ्या सारणांची देऊन. चार सारणं असली की सुमारे एक-तृतीयांश जास्त खाल्लं गेलं. जीभ एका चवीला विटते, पण दुसऱ्या चवीला ताजी असते. "बुफेबद्दल तुम्ही जे म्हणता ते बरोबरच आहे," बाई म्हणाल्या, "पण हाच नियम तुमच्या पावडरला लावून बघा. एकाच चवीला जीभ विटते. तुम्हाला ६० ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, आणि ती जन्मभर. विटलेल्या जिभेनं ते व्हायचं नाही. म्हणून जिथं जास्त खाल्लं जायला हवं तिथं चवी वाढवा. जिथं कमी व्हायला हवं तिथं वाढवू नका. गोड, तळलेलं, मैदा यांच्याबाबतीत तुमचा कडकपणा चालू दे."

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. अंड्याचा बलक ती फेकून देत होती, आणि अंड्यातलं बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बहुतेक त्या बलकातच असतं. चार पदार्थांच्या त्या आहारात तंतू जवळजवळ नव्हते, पाणीही कमी जात होतं, म्हणून तिला बद्धकोष्ठाचा त्रास होता, जो तिनं लाजून कुणाला सांगितला नव्हता. डाळी-उसळींनी तोही कमी होणार होता. नियम एवढाच: नवा पदार्थ एका वेळी एकच, आधी दोन चमचे, मऊ आणि ओला. कोरडं अन्न या नळीत अडकतं. रश्शातलं उतरतं.

मऊ आणि ओलं म्हटल्यावर काकूंना वेगळं काही सांगावं लागलं नाही. महाराष्ट्रातलं अर्धं स्वयंपाकघर तेच आहे. रविवारी सकाळी दोघी मिळून अपनी मंडीत जायच्या, शेतकऱ्यांकडून मेथी, शेपू, ओली हळद आणायच्या, आणि काकूंच्या ओट्यावर दिवसभर प्रयोग चालायचे. पिठलं त्यांनी ताकात पातळ केलं. माहेरच्या ओळखीनं मागवलेल्या कुळथाच्या पिठाचं दुसऱ्या आठवड्यात. भिजवलेल्या मुगाची धिरडी, त्यात किसलेलं पनीर. शेपूत मुगाची डाळ. रात्री दही फडक्यात बांधून ठेवलं की सकाळी चक्का तयार, आणि चक्क्यात साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं. महाराष्ट्रात चक्क्याला साखरेशिवाय कुणी हात लावत नाही, पण काकूंनी एकात मोहरी फेसून घातली, एकात काकडी आणि जिरेपूड, एकात मेतकूट. ताईला मेतकूट आवडलं. मेतकूट म्हणजे भाजलेल्या डाळींचंच पीठ, लहानपणी ती ते भातावर तुपाबरोबर खायची. आता भाताच्या जागी चक्का आला.

कोंबडी तव्यावरून पातेल्यात गेली. खिमा करून, बार्शीच्या काळ्या मसाल्याच्या पातळ रश्शात मंद आचेवर. छातीत अडकणं तिथंच थांबलं. अंडी पूर्ण, बलकासकट, कधी ओलसर भुर्जी, कधी रश्शात सोडलेली. मासा समुद्राचा मिळणं कठीण, म्हणून रोहूचे काटे काढलेले तुकडे हिरव्या वाटणात वाफवलेले. सोयाच्या वड्या भिजवून, पिळून, बारीक करून खिम्यासारख्या परतलेल्या. कोरड्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि दुकानात त्या सगळ्यात स्वस्त. पार्काबाहेरच्या गाड्यावरचं सोया चाप मात्र ताईनं चौकशी करून सोडून दिलं, कारण त्यात मैदा बराच होता.

इथं काकूंचं एक चुकलं, आणि ताईचा तक्ता उपयोगी पडला. काकूंचा भरवसा डाळीवर होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या वाट्या वरण-उसळ-पिठल्याच्याच भरल्या. ताई आनंदानं जेवली, आणि रात्री तक्त्यात बघते तर आकडा चाळिशीच्या पुढं जाईना. शिजलेल्या वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, बाकी बहुतेक पाणी आणि पिष्ट. मोठ्या पोटाला तीन वाट्या जातात. इथं एक जाते. काकूंना हे पटवणं सोपं नव्हतं. "आमच्या सासऱ्यांनी डाळ-भाकरीवर नव्वद वर्षं काढली," त्या म्हणाल्या. ताईनं त्यांच्यासमोर वाटी ठेवली, आपलं जेवण तिच्यात मोजून दाखवलं आणि सासरे किती खायचे ते विचारलं. काकूंनी हिशोब केला आणि गप्प बसल्या. त्यानंतर ठरलं की प्रत्येक वाटीत अंडं, मासा, कोंबडी, पनीर, चक्का किंवा सोया यांतलं एक काहीतरी असायलाच हवं. डाळ त्याच्या सोबतीला. पावडरही दिवसातून एकदा राहिली, पाण्याऐवजी दह्यात घुसळून, वर भाजलेलं जिरं. डाळीवरून पावडर ओवाळून टाकावी असं सांगणारे लोक भेटतात. ते वाटीभर पोटाचं गणित करत नाहीत, आणि त्यांचा सल्ला ऐकून माणसं अशक्त होतात.

एकदा चवींचं दार उघडलं म्हटल्यावर त्या शेजारपाजारहूनही यायला लागल्या. फाटकावरच्या बिहारच्या रखवालदारानं सत्तू कसं कालवायचं ते शिकवलं: थंड पाणी, लिंबू, काळं मीठ, बारीक कांदा. शारदीय नवरात्रात मनसादेवीला जत्रा भरली, रस्ते गर्दीनं तुंबले, आणि अष्टमीला ताईच्या घरमालकिणीनं कंजकांची, म्हणजे कुमारिकांची, पूजा करून तिलाही ताट पाठवलं. पुरी, शिरा, काळे चणे. ताईनं पुरी आणि शिरा मालकिणीच्या नातवाला दिला, चणे ठेचून मऊ केले आणि खाल्ले. कांदा-लसूण नसलेले, धने-आमचुराचे ते कोरडे चणे तिला इतके आवडले की दुसऱ्या दिवशी तिनं कृती विचारली. मालकीण शिरा नाकारल्यानं थोडी खट्टू झाली होती. कृती विचारल्यावर खुलली.

आणि एक वाजता ताई जेवणघरात येऊन बसू लागली. तिचा छोटा डबा इतरांमध्ये उघडला जाऊ लागला. तिला एक वाटी संपवायला अर्धा तास लागायचा, एकेक घास बारीक करून. पूर्वी ते कुणी पाहू नये म्हणून ती दार लावून घ्यायची. आता लातूरचा मुलगाही तिच्या नादानं सावकाश जेवायला लागला.

दिवाळीत कसोटी आली. काकूंनी मुलांसाठी फराळ केला, आणि ताईसाठी वेगळा डबा मायेनं भरला: चकली, शंकरपाळे, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा. "सणाचं थोडं चालतंय," म्हणाल्या. ताईनं घरी डबा उघडला. एक शंकरपाळा. मग चार. मग चिवड्याची मूठ. पोटात दुखलं नाही, अडकलं नाही, भरल्यासारखं वाटलं नाही, आणि अर्ध्या तासात डबा अर्धा झाला. रात्री तक्ता भरताना तिला कळलं, त्या दिवशी प्रथिनं राहूनच गेली होती.

पूर्वीची ताई या रात्रीनंतर सगळंच बंद करून पुन्हा चार पदार्थांवर गेली असती. तिला तसं वाटलंही. पण सकाळी उठून तिनं मागच्या पानावरची जुनी यादी काढली, तिच्यात शंकरपाळे लिहिले, उरलेला फराळ रखवालदाराच्या मुलांना दिला आणि नाश्त्याला चक्का-मेतकूट खाल्लं. मग काकूंकडे गेली.

"काकू, चकली-शंकरपाळे मला देऊ नका. मला थांबता येत नाही."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांच्या घरचा सणाचा डबा कुणी कधी नाकारला नव्हता. ताई उठली नाही. तिनं यादीचं पान त्यांच्यापुढं ठेवलं, मटकी कुठं आहे आणि शंकरपाळे कुठं ते दाखवलं. "तुम्हीच विचारलं होतं ना, कशाची चव म्हणून?"

काकूंनी पान बराच वेळ वाचलं. मग आत गेल्या आणि अर्ध्या तासानं बाहेर आल्या तेव्हा ताटलीत कोंबडीच्या खिम्याचे छोटे गोळे होते, वाफवलेले, वरून ओवा-तिळाची, हिंगाची, लाल तिखटाची चकलीच्या भाजणीतली सगळी चव. "ही तुझी चकली," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या तिला अहो-जाहो करायच्या थांबल्या. दोन किलो चढलेलं वजन थंडीत उतरलं, पुढच्या रक्ततपासणीत लोह वाढलेलं आलं, आणि न्हाणीघरातली जाळी रिकामी राहू लागली.

लोहडीच्या आधी टीममधला हिमाचलातल्या मंडीचा एक मुलगा तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला. तिशीही न ओलांडलेला, वजनानं त्रासलेला. पुढच्या महिन्यात त्याचीही शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानं हळू आवाजात विचारलं, "ताई, सगळ्यात चांगली पावडर कुठली? मी वर्षाचा साठाच घेऊन ठेवतो."

"पावडर आहारतज्ज्ञ सांगतील ती घे, एकच डबा घे," ताई म्हणाली. "पहिले काही आठवडे पातळच खायचंय, ते डॉक्टर सांगतील तसं. त्याच्या पुढचं आत्ता बघू. तुमच्या घरी डाळीचं काय काय करतात?"

"डाळीचं?" तो गोंधळला. "साधी डाळ. धामला, म्हणजे पंगतीला, मदरा असतो, दह्यातले चणे. आणि सेपू बडी."

"ती कशी?"

"उडदाची डाळ वाटून तिच्या वड्या करतात आणि पालकाच्या रश्शात शिजवतात. आजी करायची. आता आई करते."

ताईनं तक्त्याची वही ओढली आणि सेपू बडी लिहिलं. "तळतात का त्या वड्या?"

"आधी उकडतात, मग तळतात वाटतं."

"वाटतं नको. आईला फोन लाव," ताई म्हणाली. "विचार, नुसत्या उकडून पालकात सोडल्या तर फुटतील का. आणि त्यात पनीर किसून घातलं तर चालेल का, तेही विचार."

त्यानं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला.